चूल एक, ताटं अनेक

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानात केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

आजचा विषय फळ्यावर वाचून काही जणांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. बाप्पापुढे कीर्तन होतं, नाट्यगीतं होतात, मधुमेहावर डॉक्टरांचं व्याख्यान होतं. ‘व्हिडिओ गेमच्या एका कंपनीनं घरातलं यंत्र आणि हातातलं यंत्र एक का केलं?’ हा विषय मांडवात बहुधा पहिल्यांदाच आला असावा. पण आपला देव चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा धनी. त्याला खेळाचं वावडं नसावं. शिवाय विषय वरून खेळाचा दिसला तरी आत हिशेब घराचा आहे. एका घरात दोन चुली किती दिवस पेटत्या ठेवता येतात? त्या एक करायच्या झाल्या तर नेमकं काय एक करायचं आणि काय वेगळं राहू द्यायचं? हे आधी त्या कंपनीच्या उदाहरणावरून पाहू, मग आपल्या जिल्ह्याकडे आणि शेवटी आपल्या मंडळाकडे येऊ.

आम्ही म्हणजे मंडळातली मधली पिढी. दूरदर्शनवरच्या महाभारतानंतर आणि मोबाइलच्या आधी वाढलेली. कलबुर्गीला तेव्हा सगळे गुलबर्गाच म्हणत. सुट्टीत टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम दिवसाच्या भाड्यानं आणायचा. कार्ट्रिज चालेना की काढून फुंकायची आणि परत बसवायची, हा आमचा त्या काळातला अभियांत्रिकी अभ्यासक्रम. ती यंत्रं बहुतेक जपानी यंत्राच्या नकला असत, हे पुढं कळलं. दुसरा खेळ हातात मावणारा, विटा रचायचा, पेन्सिल सेलवर चालणारा. डब्यावर ९९९९ खेळ असं छापलेलं, आत उघडलं की विटाच विटा.

या दोन खेळण्यांतला फरक आम्हाला लोडशेडिंगनं शिकवला. वीज गेली की टीव्हीवरचा खेळ मेला. विटांचा खेळ मात्र कंदिलाजवळ सरकून चालू. पण विटांच्या खेळात टीव्हीवरची मजा नव्हती, रंग नव्हते, आवाज म्हणजे नुसती टिकटिक. घरातलं यंत्र ताकदीचं, पण भिंतीला बांधलेलं. हातातलं मोकळं, पण दुबळं. व्हिडिओ गेमच्या जगात तीसेक वर्षं हीच वाटणी होती.

आता ती कंपनी. नाव निन्टेन्डो, गाव जपानमधलं क्योटो, स्थापना १८८९. आपल्या टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला जोर दिला त्याच्याही आधी काही वर्षं. सुरुवातीचा धंदा फुलांची चित्रं असलेल्या पत्त्यांचा. पुढं खेळणी आली आणि मग इलेक्ट्रॉनिक खेळ. १९८० साली त्यांनी ‘गेम अँड वॉच’ नावाचा खिशातला खेळ काढला. तो गुन्पेई योकोई या अभियंत्याच्या डोक्यातून निघाला. आगगाडीत कंटाळलेला एक प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला त्यांनी पाहिला, त्यावरून ही कल्पना सुचली असं सांगतात. १९८३ साली टीव्हीला जोडायचं ‘फॅमिकॉम’ आलं. आम्ही ज्याच्या नकला भाड्यानं आणत होतो ते हेच. आणि १९८९ साली योकोईंच्याच हाताखाली ‘गेम बॉय’ तयार झाला.

गेम बॉयची गोष्ट थोडी सांगायलाच हवी. पडदा हिरवट, रंग नाहीत, आत जुनीच स्वस्त चिप. अटारी आणि सेगा या स्पर्धकांनी रंगीत पडद्याची यंत्रं आणली. पण सेगाचं यंत्र सहा पेन्सिल सेल खाई आणि चार-पाच तासांत थकून जाई. गेम बॉय चार सेलवर दहा तासांहून अधिक चाले. योकोईंचं म्हणणं असं की नवीनात नवीन तंत्राच्या मागं धावू नये. जे मुरलेलं आहे, स्वस्त झालेलं आहे, ज्याचे गुणदोष माहीत आहेत, ते नव्या जागी वापरावं. बिदरच्या लोकांना हे वेगळं समजावायला नको. जस्त-तांब्याचा तोच ओतीव धातू, किल्ल्यातली तीच माती, चांदीची तीच तार. पूर्वी त्यातून हुक्क्याचं भांडं आणि पानदान होई, आज दागिने आणि शोभेच्या वस्तू होतात. कसब जुनं, गिऱ्हाईक नवं.

तर निन्टेन्डोच्या घरात अशा दोन चुली झाल्या. एक दिवाणखान्याची, एक खिशाची. दोन्ही चांगल्या पेटल्या होत्या. २००४ साली आलेलं ‘डीएस’ हे दोन पडद्यांचं हातातलं यंत्र सुमारे १५ कोटी ४० लाख विकलं गेलं. २००६ साली आलेलं ‘वी’ हे टीव्हीचं यंत्र, ज्यात रिमोट हातात धरून टेनिसच्या बॅटसारखा फिरवायचा, ते १० कोटींच्या वर गेलं. दोन्ही मिळून पंचवीस कोटींहून जास्त. ज्या घरात दोन्ही चुलींवर पुरणपोळ्या होतात, तिथं ‘चुली एक करू या’ असं कोण म्हणेल?

मग पुढची पिढी आली. फेब्रुवारी २०११ मध्ये ‘थ्रीडीएस’. जपानात किंमत २५,००० येन. गिऱ्हाईक येईना, म्हणून त्याच ऑगस्टमध्ये ती १५,००० येनवर आणावी लागली. सहा महिन्यांत दहा हजारांची उतरण. नंतर ते यंत्र सावरलं आणि साडेसात कोटींपर्यंत गेलं. २०१२ च्या अखेरीस टीव्हीसाठी ‘वी यू’ आलं, ते काही सावरलं नाही. उभ्या आयुष्यात एक कोटी पस्तीस लाखांच्या आसपास विकलं गेलं. दोन्हींची बेरीज नऊ कोटी. पंचवीसचे नऊ! मार्च २०१२ मध्ये संपलेल्या वर्षापासून सलग तीन वर्षं कंपनीचा मुख्य धंदा तोट्यात गेला.

असं का झालं, याची पहिली दोन कारणं आपण सगळे जाणतो. एक कारण प्रत्येकाच्या खिशात आहे. २००७ साली आयफोन आला आणि मग फोन हेच हातातलं खेळणं झालं. बस येईपर्यंत पाच मिनिटं घालवायला वेगळं यंत्र कोण विकत घेणार? दुसरं कारण वी यूच्या नावात होतं. पुष्कळांना ते नवं यंत्र वाटलंच नाही, जुन्या वीला लावायचं काहीतरी आहे असं वाटलं.

तिसरं कारण बाहेरून दिसत नाही, आणि आमच्या मते तेच मुळाशी आहे. ते स्वयंपाकघरातलं आहे.

खेळाचं यंत्र लोक यंत्रासाठी घेत नाहीत, खेळासाठी घेतात. आणि खेळ बनवायला माणसं लागतात. चित्रकार, संगीतकार, गणिती, प्रोग्रामर आणि चुका शोधणारे. जसजसे पडदे बारीक आणि स्वच्छ झाले तसतसं एका खेळामागचं काम वाढत गेलं. पूर्वी झाड म्हणजे चार हिरवे चौकोन. आता पानापानावरची सावली काढावी लागते. हातातल्या यंत्रावरचे खेळ पूर्वी लहान मंडळी थोड्या काळात करत. थ्रीडीएसपर्यंत येता येता तेही मोठं काम होऊन बसलं. आणि दोन यंत्रांच्या आतली रचना इतकी वेगळी होती की एकासाठी केलेला खेळ दुसऱ्यावर चालत नसे. पुन्हा पहिल्यापासून करावा लागे. भाजी तीच, पण दोनदा निवडायची, दोनदा चिरायची, दोनदा फोडणी द्यायची.

एकच उदाहरण देतो. ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ नावाचा मारामारीचा लोकप्रिय खेळ २०१४ साली दोन्ही यंत्रांसाठी निघाला. सप्टेंबरात थ्रीडीएसवर, नोव्हेंबरात वी यूवर. पात्रं तीच, पण कामं दोन. ‘मारिओ कार्ट’ची शर्यतही तशीच. हातातल्या यंत्रासाठी २०११ साली सातवी, टीव्हीसाठी २०१४ साली आठवी. एका यंत्रावर खेळ आला की दुसऱ्या यंत्राचं गिऱ्हाईक हात चोळत बसे. महिनेच्या महिने नवा खेळ नाही. दुष्काळ पडला की गिऱ्हाईक जातं आणि गिऱ्हाईक गेलं की बाहेरच्या कंपन्याही त्या यंत्रासाठी खेळ करायचं थांबवतात. वी यूचं तसंच झालं. माणसं होती, कसब होतं, कष्टही होते. ते दोन चुलींवर वाटले गेले आणि दोन्हीकडं पाणी घातलेली आमटी झाली.

त्या वेळी कंपनीचे प्रमुख होते सातोरू इवाता. मूळचे प्रोग्रामर, २००२ पासून अध्यक्ष. तोट्याच्या काळात त्यांनी स्वतःचा पगार काही महिने निम्मा केला. त्यांनी केलेली पहिली हालचाल आम्हाला फार महत्त्वाची वाटते. २०१३ साली त्यांनी टीव्हीचं यंत्र बनवणारा विभाग आणि हातातलं यंत्र बनवणारा विभाग एकत्र केला. बाजारात तेव्हा दोन्ही यंत्रं वेगळीच होती आणि नव्याचं नावही कुणी काढलं नव्हतं. २०१५ मध्ये खेळ बनवणारे दोन मोठे विभागही एक झाले. नवं यंत्र दुकानात आलं २०१७ साली. म्हणजे माणसं चार वर्षं आधी एका पंक्तीला बसली, यंत्र मागून आलं.

दुसरी गोष्ट त्यांनी २०१४ च्या सुरुवातीला गुंतवणूकदारांसमोर मांडली. तिचा आशय असा : पुढची यंत्रं सख्ख्या भावंडांसारखी असावीत. एकच यंत्र राहील असं नाही, उलट आकार-प्रकार वाढतीलही. पण आतली भाषा एक असावी, म्हणजे एकासाठी केलेलं काम दुसऱ्याला उपयोगी पडेल. फोनच्या दुनियेत हे घडलेलंच होतं. लहान फोन, मोठा फोन, टॅब्लेट, सगळ्यांवर तेच ॲप चालत होतं.

लोक म्हणतात, निन्टेन्डोनं दोन यंत्रांचं एक केलं. पण इवातांचा मूळ विचार ताटं एक करण्याचा नव्हता, चूल एक करण्याचा होता. आजच्या भाषणातून एवढं एक वाक्य घरी नेलंत तरी पुरे.

आता कुणी विचारेल, इतकी साधी गोष्ट आधी कुणाला सुचली नाही का? सुचली होती. निन्टेन्डोनंच १९९४ साली गेम बॉयचे खेळ टीव्हीवर दाखवणारं जोडयंत्र काढलं होतं. सेगानं १९९५ साली ‘नोमॅड’ काढलं. घरच्या यंत्राच्याच कार्ट्रिज त्यात चालत आणि ते हातात धरता येई. पण तेही सहा सेल खाई आणि दोन-तीन तासांत मान टाकी. इच्छा होती, विजेची तरतूद नव्हती. वी यूमध्येही एक पाऊल पडलं होतं. त्याच्या रिमोटलाच पडदा होता, टीव्ही दुसऱ्या कुणाला हवा असेल तर त्यावर खेळता येई. पण खेळाचं डोकं टीव्हीशेजारच्या डब्यात. रिमोट घेऊन परसात गेलात की चित्र गेलं. दावं लांब केलं, सोडलं नाही.

दरम्यान फोन आणि टॅब्लेटसाठी जगभर ज्या चिपा बनत होत्या त्या थोड्या विजेत पुष्कळ काम करू लागल्या. ज्या फोननं हातातल्या खेळाचं गिऱ्हाईक पळवलं, त्याच्याच जातीच्या चिपनं दोन चुली एक करण्याची वाट मोकळी केली. एनव्हिडिया कंपनीची तशी चिप घालून ‘स्विच’ तयार झालं आणि ३ मार्च २०१७ रोजी बाजारात आलं.

त्याची रचना थोडक्यात सांगतो, म्हणजे नातवंडं काय म्हणतात ते आजी-आजोबांनाही कळेल. सव्वासहा इंचांच्या आसपासचा पडदा, दोन्ही बाजूंना निघणाऱ्या दोन मुठी. हातात धरा आणि खेळा. घरी आलात की टीव्हीजवळच्या एका खाचेत उभं करा, त्याला डॉक म्हणतात. चित्र लगेच टीव्हीवर. पुष्कळांना वाटतं की डॉकमध्ये जादा ताकद आहे. तसं नाही. डॉक फक्त वीज देतो आणि चित्र टीव्हीकडं पाठवतो. यंत्र तेच. भिंतीची वीज मिळाली की ते जोरात धावतं, बॅटरीवर असलं की बेतानं चालतं. बाहेर भाकरी-चटणी, घरी साग्रसंगीत पान, पण जेवणारा एकच. आणि त्या दोन मुठी काढून एक तुम्ही घ्या, एक शेजाऱ्याला द्या, की दोघांचा खेळ सुरू. पडदा टेबलावर टेकवून ठेवायला मागं पाय दिलेला आहे.

योगायोग पाहा. त्याच २०१७ साली, ऑक्टोबरच्या अखेरीस, आपला बिदर-कलबुर्गी रेल्वेमार्ग सुरू झाला. त्या गाडीत बसून कुणी स्विच खेळलं का, ते आम्हाला ठाऊक नाही. हे यंत्र कंपनीनं भारतात रीतसर विकायला आणलेलं नाही. आपल्याकडची मुलं ते बाहेरून आलेलं घेतात किंवा अमेरिकेतल्या मामाला सांगतात. पण यंत्र कुणासाठी केलं आहे हे त्या गाडीत बसलं की समजतं. ज्याचा अर्धा दिवस घरात आणि अर्धा प्रवासात जातो, त्याच्यासाठी. जपानात रोजचा लांबचा लोकलप्रवास, लहान घरं आणि घरात सगळ्यांचा मिळून एक टीव्ही. तिथं हातातलं यंत्र जास्त चाले. अमेरिकेत ऐसपैस दिवाणखाने, तिथं टीव्हीचं. एका यंत्रानं दोन्ही गिऱ्हाइकांना, ‘तुमच्या सोयीनं वापरा’ म्हटलं.

फळ काय मिळालं? वी यूवरची ती आठवी मारिओ कार्ट ८४ लाखांच्या आसपास विकली गेली होती. तोच खेळ थोडी भर घालून २०१७ साली स्विचवर आणला, तर तो सहा कोटींच्या पलीकडं गेला. पदार्थ तोच, वाढायला पंगत मिळाली. पूर्वी ‘पोकेमॉन’चे मुख्य खेळ फक्त हातातल्या यंत्रावर येत, मारिओ आणि झेल्डाचे भव्य खेळ टीव्हीवर. आता सगळे एका फडताळात. मार्च २०२० मध्ये जग घरात कोंडलं गेलं, त्याच महिन्यात ‘ॲनिमल क्रॉसिंग’ हा गाव वसवायचा शांत खेळ आला आणि कोट्यवधी लोकांनी त्यात एकमेकांच्या गावी जाऊन भेटी घेतल्या. स्विचची एकूण विक्री पंधरा कोटींच्या वर गेली. जून २०२५ मध्ये ‘स्विच २’ आलं, तेही त्याच घडणीचं. इवाता हे पाहायला राहिले नाहीत. जुलै २०१५ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी ते गेले.

एवढं सांगून थांबलो तर भाषण एकतर्फी होईल. एका चुलीला एक मोठा धोका आहे. दोन चुली असताना एक विझली तर दुसरीवर घर तगतं. वी यू आपटलं तेव्हा थ्रीडीएसनंच कंपनीला जगवलं. चूल एकच असेल आणि ती विझली, तर सगळं घर उपाशी. हे कंपनीला माहीत होतं. म्हणून स्विच आल्यावर त्यांनी थ्रीडीएस लगेच बंद केलं नाही. त्याचं उत्पादन सप्टेंबर २०२० पर्यंत चालू होतं. नवी चूल नीट पेटल्याची खात्री होईपर्यंत जुनीवर पाणी ओतलं नाही.

दुसरा मुद्दा. एकत्र येणं म्हणजे सगळ्यांनी सारखंच जेवणं, असाही हट्ट त्यांनी धरला नाही. २०१९ साली त्यांनी ‘स्विच लाइट’ काढलं. लहान, स्वस्त, मुठी न निघणारं आणि टीव्हीला न जोडता येणारं. म्हणजे पुन्हा निव्वळ हातातलं यंत्र! पण खेळ तेच. ज्याला लहान ताट हवं त्याला लहान ताट.

आणि तिसरा मुद्दा. सगळ्यांनी हाच रस्ता धरला असंही नाही. सोनीच्याही दोन चुली होत्या. त्यांनी ‘व्हिटा’ हे हातातलं यंत्र २०१९ साली बंद केलं आणि टीव्हीच्या यंत्रावर लक्ष दिलं. त्यांचं उत्तम चाललं आहे. त्यांच्या यंत्रासाठी बाहेरच्या असंख्य कंपन्या खेळ बनवतात, म्हणून त्यांना ते जमलं. निन्टेन्डोचं घर मुख्यतः स्वतःच्या स्वयंपाकावर चालतं. ज्याच्याकडं रांधणारे हात मोजके, त्याला चूल एक करणं भाग पडतं. कंपनी दोन यंत्रं एक का करते, या प्रश्नाचं आमचं उत्तर एवढंच : हात मोजके असतात म्हणून.

आता आपल्या घराकडं वळू.

आपण सीमेवरची माणसं. चुली वेगळ्या होणं म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्याइतकं कुणाला माहीत नसेल. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात बिदर हा एकच जिल्हा होता. राज्यांची भाषावार रचना झाली तेव्हा उदगीर, अहमदपूर, निलंगा मराठवाड्यात गेले, जहीराबाद, नारायणखेड आंध्रात गेले आणि बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आले. एका घराच्या तीन चुली झाल्या. गुलबर्गाही तेव्हाच इकडं आलं. पण सोयरिकी तुटल्या नाहीत. उदगीरची लेक भालकीत नांदते, भालकीचा जावई निलंग्याचा असतो. माणिकनगरला आणि गाणगापूरला तिन्ही राज्यांतली माणसं एका रांगेत उभी असतात. कचेऱ्या वेगळ्या झाल्या, बाजार आणि नाती सामायिक राहिली. वाटणी वरच्या मजल्यावर झाली, स्वयंपाकघर पुष्कळसं एकच राहिलं. म्हणून तर आपण घरात मराठी, दुकानात कन्नड आणि रिक्षात दखनी बोलतो आणि कशातच अडत नाही.

हीच गोष्ट मंडळाची. यंदाच्या बैठकीत एक विषय निघाला, तो इथं सगळ्यांना ठाऊक आहे. गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत राहायला गेलेल्या तरुण मंडळींनी वेगळा गणपती बसवावा, असं त्यांच्यापैकी काहींना वाटतं. त्यांचं म्हणणं चूक नाही. सभागृह लांब पडतं, मुलांची शाळा असते, आरतीची वेळ जुळत नाही, आणि कार्यक्रम त्यांच्या आवडीचे नसतात. ज्येष्ठांचं दुःखही खोटं नाही. इतक्या वर्षांचा गणपती, खांदे देणारे कमी होत चाललेले, आणि त्यातून आणखी एक मांडव. बोलताना दोन्ही बाजूंचा आवाज चढला.

आम्ही मधल्या पिढीनं तेव्हा एक साधा हिशेब मांडून पाहिला. वर्गणी फिरवायला कोण जातं? नाटकाच्या तालमी कोण घेतं? मुलांच्या वक्तृत्व स्पर्धेचे कागद कोण तपासतं? प्रसादाला कोण उभं राहतं? स्मरणिकेचं मुद्रितशोधन कोण करतं? सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्याच दहा-बारा नावांवर येऊन थांबतात. उद्या दोन गणपती बसले तरी हीच माणसं दोन्हीकडं धावणार. आपली मुलं शिकायला आणि नोकरीला पुणे, हैदराबाद, बेंगळुरूला जातात, त्यामुळं हात वाढण्याची लक्षणं नाहीत. दोन मांडव होतील आणि दोन्हीकडं आमटीत पाणी पडेल.

पण म्हणून ‘सगळ्यांनी सभागृहातच यायचं’ हेही उत्तर नव्हे. तो हट्ट धरला तर नव्या वसाहतीतली घरं हळूहळू येईनाशी होतील, आणि कुणी भांडणसुद्धा करणार नाही. नुसती येणार नाहीत. भांडणापेक्षा ते वाईट.

म्हणून आमची विनंती अशी. चूल एक ठेवू, ताटं वाढवू. वर्गणी एक, समिती एक, तालीम एक, सामानाची खोली एक. मूर्ती सभागृहातच बसेल. पण दहा दिवसांतले दोन दिवस आरती आणि कार्यक्रम नव्या वसाहतीत होतील. जे बालनाट्य बसवू ते तिथंही होईल आणि इथंही. नेपथ्य सुटसुटीत ठेवू, रिक्षात मावेल असं. ज्येष्ठांना रात्रीचा प्रवास नको, तर त्यांच्यासाठी दुपारचं भजन वेगळं. पुण्या-बेंगळुरूच्या मुलांसाठी आरती फोनवर दाखवू. २०२० च्या गणपतीत सभागृहाला कुलूप होतं, तेव्हा आपण घराघरांतून फोनवरच आरती म्हटली होती. जे संकटात जमलं ते सोयीसाठीही जमेल. आणि मुलांच्या कार्यक्रमात एखादं कन्नड गाणं आलं तर कुणी भुवई उंचावू नये. त्यांची शाळा कन्नड आहे, मित्र कन्नड आहेत. घरातली भाषा बाहेर न्यायची असेल तर बाहेरच्या भाषेलाही घरात पाट द्यावा लागतो.

या सगळ्यात एक काळजी घ्यावी लागेल. जुनी पद्धत एका वर्षात मोडायची नाही. यंदाचा क्रम आहे तसा चालू द्यावा आणि शेजारी नवा चालवून पाहावा. दोन-तीन वर्षांत नवी घडी बसली तर जुनी आपोआप सुटेल. नाही बसली तर जुनी चूल आहेच. आणि आधी यंत्र नको, आधी माणसं. दोन्हीकडच्या लोकांची एकच समिती या दिवाळीच्या आत बसावी. मांडव कुठं घालायचा ते तिनं मग ठरवावं. उलट क्रमानं गेलो तर मांडवाच्या जागेवरच भांडण अडेल.

बालमित्रांनो, तुम्हाला एवढंच सांगायचं की पडद्यावरचा खेळ एकट्यानं तासन्‌तास खेळायचा असतो, असं ते यंत्र बनवणाऱ्यांनीही मानलं नाही. त्यांनी एका यंत्राच्या दोन मुठी केल्या, म्हणजे एक दुसऱ्याला देता यावी. आज घरी गेलात की आजोबांच्या हातात एक मूठ द्या. ते हरतील. हरल्यावर ते तुम्हाला पत्त्यांचा डाव मांडायला बसवतील, तिथं तुम्ही हराल. तेव्हा तक्रार करू नका.

आणि ज्येष्ठांना विनंती, येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता नव्या वसाहतीतल्या मुलांनी चहाला बोलावलं आहे. समितीचं बोलणं तिथंच सुरू करायचं आहे. न्यायला गाडी येईल. आपण सर्वांनी यावं.